खरं मत लिहायची वही: क्वीअर आणि फँटसी पुस्तकांसाठी माझी पद्धत

‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’ वाचून झालं त्या आठवड्यात एका मैत्रिणीने विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, अप्रतिम. ते खोटं होतं. सामंथा शॅनन यांची ही २०१९ सालची कादंबरी आठशेहून जास्त पानांची आहे. त्यातला बराच भाग मला आवडला होता, मधला काही भाग मी निव्वळ नेटाने ओढला होता आणि शेवट पटला नव्हता. तरी ‘अप्रतिम’ म्हटलं, कारण त्यात एक राणी आहे, तिच्या महालात खरी ओळख लपवून तिचं रक्षण करणारी एक बाई आहे, दोघी एकमेकींवर प्रेम करतात आणि शेवटी दोघीही जिवंत असतात. मी स्वतः अकरा वर्षं एका बाईबरोबर संसार करते आहे. अशा पुस्तकाला नावं ठेवायला माझी जीभच रेटेना. मैत्रिणीने माझ्या शब्दावर ते विकत घेतलं, दोनशे पानांवर सोडलं, आणि पुढे मी सुचवलेलं एक खरोखर चांगलं पुस्तक तिने हातातही धरलं नाही.

असं का होतं, ते मला नीट माहीत आहे. २०१८ च्या ६ सप्टेंबरला ३७७ कलमाचा निकाल लागला, समलैंगिक संबंध गुन्हा उरला नाही, तेव्हा माझ्या कपाटात आपल्यासारख्या माणसांची पुस्तकं होती तीन. उपाशी माणूस भाजीत मीठ कमी आहे असं म्हणत नाही. पण आता कपाटाचे दोन खण भरलेत, आणि अजूनही मी प्रत्येक पुस्तकाला ‘छान’च म्हणत राहिले तर त्या शब्दाचा कुणालाच उपयोग नाही. माझं कोल्हापुरात मेडिकलचं दुकान आहे. बाटलीवरचं लेबल वाचून औषध देता येतं. पुस्तकावर ‘क्वीअर’ (म्हणजे समलिंगी प्रेमाचं किंवा वेगळ्या लिंगओळखीचं) असं लेबल आहे एवढ्यावर ते कुणाच्या हातात देता येत नाही.

म्हणून मी वही घातली. तिची पद्धत इथे सांगते.

वही साधी, दोनशे पानी, आखीव. उघडली की दोन पानं समोर येतात. डावं पान माझं, उजवं पुस्तकाचं. डाव्यावर वाचता वाचता लिहायचं: कुठे रडू आलं, कुठे कंटाळा आला, कुठल्या प्रसंगाला कोण आठवलं. तिथे काहीही चालतं. उजवं पान पुस्तक संपल्यावर आठ दिवस कोरं ठेवायचं. मग त्यावर लिहायला बसायचं तेव्हा ‘मला’ हा शब्द येऊ द्यायचा नाही. ‘मला राणी आवडली’ हे डावीकडे. ‘राणीचा कठोरपणा आणि तिची भीती एकाच प्रसंगात दिसते, म्हणून ती पटते’ हे उजवीकडे. पहिल्या दोन-तीन पुस्तकांना फार जड जातं. ‘मला’ काढून टाकलं की कळतं, आपल्याकडे पुस्तकाबद्दल सांगायला दोनच वाक्यं आहेत. मग परत पुस्तक उघडावं लागतं, आणि ते उघडणं हाच या पद्धतीचा अर्धा फायदा.

ही दोन पानांची कल्पना सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’वरून सुचली. २००६ साली आलेली ती कादंबरी फँटसी नाही. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या माणसावर घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही प्रेम करतात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. घर तेच, माणूस तोच, आणि त्या माणसाचं नावही आपल्याला कळत नाही. तनयचं वाचून आपण जे पक्कं धरून बसतो ते अनुजाचं वाचताना हलतं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा फक्त तनयचीच बाजू घेऊन वाचली होती. दहा वर्षांनी परत वाचताना अनुजा दिसली. माझी डावी-उजवी पानं म्हणजे हे दुसरं वाचन पहिल्याच खेपेला घडवून आणायची खटपट आहे.

आता एक भरलेलं पान दाखवते. पुस्तक आहे टी. जे. क्लून यांचं ‘द हाउस इन द सेरुलियन सी’, २०२० सालचं. लायनस बेकर नावाचा चाळीस वर्षांचा एकटा सरकारी कर्मचारी, घरी एक मांजर, कामाला जाडजूड नियमपुस्तक. त्याला एका बेटावरच्या जादुई मुलांच्या अनाथालयाची महिनाभर पाहणी करायला पाठवतात. अनाथालय चालवणारा आर्थर आणि लायनस हळूहळू जवळ येतात.

माझं डावं पान म्हणतं: चाळिशीचा, पोट सुटलेला, फाइलींत बुडालेला पुरुष प्रेमात पडतो आणि कुणी त्याची थट्टा करत नाही. चॉन्सीला (हे मूल म्हणजे हिरवा लिबलिबीत गोळाच) मोठं होऊन हॉटेलात सामान उचलणारा व्हायचंय, तिथे दोनदा डोळे भरून आले. दुकानातलं बिल चुकलं.

उजवं पान म्हणतं: मुलं सगळी एकाच चटपटीत सुरात बोलतात, नावं झाकली तर कोण बोलतंय ओळखता येत नाही. वर्षानुवर्षं निगरगट्ट असलेली यंत्रणा शेवटी फार लवकर नमते. गोडवा एवढा, की भीतीला जागा उरत नाही, आणि भीती नसेल तर त्या मुलांना जपण्यात धाडस कुठलं?

दोन्ही पानं खरी आहेत. कुणी विचारलं तर मी दोन्ही सांगते, आणि याच क्रमाने.

या पुस्तकावर एक वादही झाला. कॅनडात १९६० च्या दशकात आणि पुढेही मूळनिवासी मुलांना त्यांच्या घरांतून काढून परक्या कुटुंबांत ठेवलं गेलं. त्याबद्दल वाचताना ही गोष्ट सुचली असं लेखकाने स्वतः सांगितलं, आणि एवढ्या मोठ्या जखमेतून असं ऊबदार, गोड पुस्तक काढल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली. अशा वादांसाठी माझ्याकडे हिरवं पेन आहे. नियम एवढाच, की उजवं पान पुरं होईपर्यंत दुसऱ्याचं मत वाचायचं नाही. नाहीतर आपण त्याचंच मत आपल्या अक्षरात उतरवतो. पान झालं की टीका वाचायची आणि समासात हिरव्याने लिहायचं, त्यामुळे काय बदललं. या पुस्तकाच्या समासात मी लिहिलंय: टीका एका बाबतीत नेमकी आहे. गोष्टीत संस्थाच मुलांचं घर बनते, आणि ज्या मुलांवरून ती सुचली त्यांचं घर तर संस्थांनीच मोडलं होतं. हे मला वाचताना दिसलं नव्हतं. माझे भरलेले डोळे त्यामुळे खोटे ठरत नाहीत, पण आता हे पुस्तक मी कुणाला देताना ही गोष्ट सांगूनच देते.

उजव्या पानावर काय लिहायचं हेच सुचत नसेल तर पुस्तकाला प्रश्न विचारायचे. माझा सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: यातलं क्वीअर प्रेम काढून तिथे राजा-राणी बसवले तर गोष्टीचं काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर ते प्रेम वरून लावलेलं आहे. ‘प्रायरी’ इथे चांगली उतरते. त्या जगात बाईने बाईवर प्रेम करणं हा कलंक नाही, दोन बायका लग्नही करू शकतात. राणी सब्रानची अडचण वेगळीच आहे. तिच्या घराण्यात प्रत्येक राणीला एक मुलगी होते, आणि हा वंश चालू आहे तोवर महाभयंकर ड्रॅगन बांधलेला राहील, अशी साऱ्या राज्याची श्रद्धा आहे. म्हणजे तिच्या पोटावर सगळ्यांचा डोळा. ‘पाळणा कधी हलणार’ हा प्रश्न जिने हळदीकुंकवात, बारशात, दुकानाच्या काउंटरवर ऐकलाय तिला हे समजवावं लागत नाही. इथे प्रेम काढलं तर गोष्टीचा कणाच जातो. पण उजव्या पानावर हेही आहे, की आठशे पानं ज्या शत्रूची वाट पाहायला लावली त्याच्याशी लढाई मूठभर पानांत उरकते. पूर्वेकडे ड्रॅगन पूज्य आणि पश्चिमेकडे सैतानी, ही कल्पना फार सुंदर आहे, आणि तिला तशी पुरेशी जागा मिळत नाही.

फँटसीला विचारायचा दुसरा प्रश्न: जादूची किंमत कोण मोजतं? आपण चांदोबा आणि वेताळ पंचविशीवर वाढलेली माणसं, आपल्याला हे रक्तातच माहीत असतं. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर डोकं फुटणार, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. फुकट काही नाही. ताशा सुरींचं ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१) याबाबतीत मला फार ताकदीचं वाटलं. मालिनी ही राजकन्या चितेवर जायला नकार देते, म्हणून सम्राट झालेला तिचा भाऊ चंद्र तिला हिराणा नावाच्या जळक्या, ओसाड देवळात कैद करतो. प्रिया तिथे मोलकरीण म्हणून येते, पण ती मुळात त्याच देवळात वाढलेली, आगीतून वाचलेली पोर आहे. तिथल्या पाण्यात उतरलं तर शक्ती मिळते किंवा जीव जातो. तेच पाणी कुपीत भरून पिणारे बंडखोर शक्तीच्या मोबदल्यात झिजून मरतात. गावात एक रोग आहे, ज्यात माणसाच्या अंगातून पानंफुलं उगवतात. दिसायला सुंदर आणि मरण ठरलेलं. इथे किंमत गरीब आधी मोजतो, आणि लेखिका ते विसरत नाही.

या पुस्तकात भारतीय वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. नावं आपली आहेत: प्रिया, मालिनी, भूमिका, चंद्र. एक राजपुत्र आहे, त्याला राव म्हणतात. आपला मेंदू लगेच आपली जात, आपलं गाव, आपले सण तिथे नेऊन बसवतो. मी पहिली ऐंशी पानं ‘हे असं नसतं’ म्हणत वाचली. मग लक्षात आलं, हा आपला इतिहास नाहीच, आपल्या शब्दांनी रचलेलं वेगळं जग आहे. डाव्या पानावर तो वैताग लिहून टाकला आणि पुढे गेले. उजव्या पानावरची तक्रार वेगळी आहे: फार जणांच्या नजरेतून प्रकरणं येतात, आणि त्यातले काही जण एकदा येऊन जातात. प्रिया आणि मालिनी समोरासमोर असतात तेव्हा पान पेटतं. मालिनी प्रेम करतानाही डाव खेळते, प्रियाला ते कळतं, आणि तरी ती जाते. सोज्वळ प्रेमकथेपेक्षा हे मला दहापट खरं वाटलं.

मरणाबद्दलही विचारावं लागतं. आपल्यासारख्या माणसांना शेवटी मारून टाकायची साहित्यात जुनी खोड आहे. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. मराठीत एका बाईचं बाईवरचं प्रेम इतक्या उघडपणे तेव्हा कुणी मांडत नव्हतं, त्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण त्यातल्या मित्रा या नायिकेचाही शेवट मरणातच होतो. ते मी अठराव्या वर्षी वाचलं आणि बराच काळ मला वाटत राहिलं की हेच आपलं भविष्य. म्हणून पात्र मेलं एवढ्यावर मी पुस्तक नाकारत नाही, पण लिहून ठेवते: हे मरण त्या माणसाच्या स्वभावातून आलं, की पुढे काय करायचं हे लेखकाला सुचलं नाही म्हणून? दुसरं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, लेखक कितीही मोठा असो.

या वर्षात मला सगळ्यात जास्त भिडलेलं आणि लिहायला सगळ्यात अवघड गेलेलं पुस्तक म्हणजे श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकरांचं ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’. २०२३ साली आलं, त्याला नेब्युला पुरस्कार मिळाला. फेटर जन्मतो तेव्हा त्याची आई खिळ्याने त्याची सावली उपटून काढते, आणि बापाला ठार मारण्यासाठी त्याला वाढवते. बाप म्हणजे बायको-मुलाला टाकून गेलेला मोठा धर्मपुरुष. फेटर मोठा होऊन हे सगळं सोडतो आणि शहरात येतो. तिथे त्याला एक पुरुष जोडीदार आहे, आणि पुस्तक त्याचा गाजावाजा करत नाही, आहे म्हणजे आहे. देवांनी निवडून मग बाजूला टाकलेल्यांचा एक गट आहे, ते खुर्च्या मांडून गोल बसतात आणि आपापलं दुःख सांगतात. शहरात चमकते दरवाजे आहेत, जे कुठेच उघडत नाहीत.

फेटर म्हणजे बेडी, बंधन. बुद्धाच्या मुलाचं नाव राहुल, त्याचाही तोच अर्थ सांगतात. आईचं नाव आहे ‘मदर ऑफ ग्लोरी’, म्हणजे आपली यशोधरा. इंग्रजी वाचकाला हे तळटीप दिल्याशिवाय कळणार नाही, मराठी वाचकाला तिसऱ्या पानावर कळतं. म्हणूनच हे पुस्तक आपल्याकडे वाचणं सोपं नाही.

माझी शाळेपासूनची एक मैत्रीण बौद्ध आहे. तिच्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. मी तिला हे पुस्तक मोठ्या उत्साहाने दिलं. तिने अर्ध्यावर ठेवलं. म्हणाली, “अगं, तुला हे श्रीलंकेचं वाटतंय. मला माझ्या घरच्या भिंतीवरच्या फोटोचं वाटतंय.” आम्ही त्या संध्याकाळी रंकाळ्यावर दोन तास बोलत बसलो. लेखकाचा राग मला समजत होता. श्रीलंकेत बौद्ध धर्माला राज्यघटनेनेच अग्रस्थान दिलंय, आणि २००९ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात धर्माच्या नावाने काय काय झालं ते तिथल्या माणसाने पाहिलंय. त्याच्यासाठी तो सत्तेचा धर्म. माझ्या मैत्रिणीच्या घरी तोच धर्म माणूसपण परत मिळवून देणारा. चिन्ह एकच, आणि समुद्र ओलांडला की त्याचा अर्थ उलटा होतो. मी तिला पुस्तक देताना यातलं अक्षरही बोलले नव्हते, कारण मला फक्त दोन पुरुषांचं प्रेम आणि सुंदर दरवाजे दिसले होते.

तेव्हापासून उजव्या पानाच्या डोक्यावर मी एक ओळ लिहिते: लेखक कुठे उभा आहे, मी कुठे उभी आहे. एवढंच. त्या पुस्तकाबद्दल माझं मत बदललं नाही, ते थोर आहे. पण आता मी कुणाला ते देताना हे सगळं आधी सांगते, आणि मैत्रिणीचं म्हणणं तिच्या परवानगीने हिरव्या शाईत तिथे आहे.

आता भाषेबद्दल, कारण मराठीत मत लिहिताना इथे प्रत्येकजण अडतो. अर्सुला के. ल ग्विन यांचं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ सालचं. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. महिन्यातले काही दिवसच त्यांच्यात लिंग जागं होतं, आणि कोण कुठलं होईल हे ठरलेलं नसतं. एकच माणूस एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकतो. ल ग्विन यांनी या सगळ्यांना इंग्रजीतलं ‘ही’ (he) म्हटलंय, म्हणजे ‘तो’. पुढे त्यांनी स्वतःच या निवडीवर लिहिलं, आणि आधी केलेलं समर्थन नंतर बदललं. त्याच ग्रहावरच्या ‘विंटर्स किंग’ या कथेची सुधारित आवृत्ती त्यांनी १९७५ साली काढली, तिथे सगळ्यांना ‘शी’ केलं आणि ‘राजा’ मात्र राजाच ठेवला. आपलं मत जाहीरपणे बदलणं म्हणजे काय, ते मी यातून शिकले.

पण मी वहीत एस्त्रावेनबद्दल, म्हणजे गेथेनवरच्या मुख्य पात्राबद्दल, काय लिहू? तो, ती की ते? मी तिन्ही करून पाहिलं. ‘तो’ लिहिलं की डोळ्यासमोर मिशीवाला दिवाण उभा राहिला. ‘ती’ लिहिलं की सगळं धाडस ‘बाई असूनही’ झालं. ‘ते’ लिहिलं तर एक तर आजोबांना आदराने बोलावल्यासारखं, नाहीतर ‘ते पोरगं’ म्हटल्यासारखं. मग व्याकरणातच वाट सापडली. मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ कर्त्याचं लिंग विचारत नाही. ‘एस्त्रावेनने तंबू ठोकला, स्लेज ओढली, भाकरी वाटून दिली.’ कुठेही तो नाही, ती नाही. भविष्यकाळही विचारत नाही: ‘एस्त्रावेन येईल.’ अडतं ते ‘आला-आली’ आणि ‘ओढतो-ओढते’ इथे. अशी वाक्यं उलटवून लिहायची: ‘आला’ऐवजी ‘एस्त्रावेनने पाऊल आत टाकलं’. दोन पानं असं लिहिलं आणि बर्फावरचा तो सगळा प्रवास मला नव्याने दिसला. इंग्रजीत वाचताना मी तंबूतल्या त्या रात्रीपर्यंत एस्त्रावेनला पुरुषच समजत होते. मराठीत लिहिताना ते झापड आपोआप गळून पडलं.

हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्याचं कारण सांगते. आमच्याकडे कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पुण्यात फार्मसी शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्या रात्री ‘मी जेवून आलो’ म्हटलं आणि खोलीतल्या मुली हसल्या. एकीने विचारलं, तू मुलगा आहेस का? मी वर्षभर ‘आले, गेले’ घोटत बसले. आता लिहिताना ‘गेले’ लिहिते, दुकानात ‘गेलो’ म्हणते, आणि दोन्हींत मी तीच असते. म्हणून पुस्तकातल्या माणसाला कुठलं क्रियापद लावायचं हा प्रश्न मी किरकोळ समजत नाही. खऱ्या माणसाबद्दल लिहायचं असेल तर त्याहून सोपं आहे: त्यांनाच विचारायचं.

बाकी सोयीच्या गोष्टी भराभर सांगते. जाड फँटसीत नावांनी जीव जातो, तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याची खूण करा आणि नावं त्यावरच लिहा. पुस्तक उघडलं की यादी हातात. ‘प्रायरी’सारख्या पुस्तकात शेवटी पात्रांची यादी दिलेली असते, पण सारखं मागे जाण्याने लय मोडते. नकाशाची झेरॉक्स काढून वहीत चिकटवा. विकत घेण्याआधी फोनवर मिळणारं फुकट प्रकरण वाचाच, आणि दुकानात असाल तर मधलं कुठलंही पान उघडून संवाद वाचा. सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात. पुस्तक सोडलंत तरी पान भरा, पण किती पानांवर आणि का सोडलं ते लिहा. अर्धं वाचून पूर्ण पुस्तकावर निकाल देऊ नका.

काही पुस्तकं डोळ्यांनी वाचून कळत नाहीत. ‘धिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर’ हे अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन यांचं दोनेकशे पानांचं पुस्तक तसं. रेड आणि ब्लू या शत्रुपक्षांच्या दोन हेर, काळाच्या वेगवेगळ्या धाग्यांत फिरणाऱ्या, एकमेकींना पत्रं लिहितात. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांत लिहितात, बियांत लिहितात. मी दोनदा सुरू करून ठेवून दिलं. मग घरी आम्ही दोघींनी वाटून घेतलं. रेडची पत्रं मी मोठ्याने वाचायची, ब्लूची तिने. चार रात्रींत संपलं. युद्ध नेमकं कशासाठी चाललंय ते शेवटपर्यंत धूसरच राहतं, आणि ती उणीव मी उजवीकडे लिहिली आहे. डाव्या पानावर फक्त तारीख आणि तिचं नाव आहे.

दुसऱ्याला मत सांगायची वेळ आली की वहीतून चार वाक्यं काढायची. पुस्तक कशाबद्दल आहे, त्याने काय साधलं, काय साधलं नाही, आणि ते कुणाला द्यावं. शेवट फोडायचा नाही, पण कुणाला त्रास होईल असं काही असेल तर, म्हणजे आत्महत्या, जबरदस्ती, चिता, तर ते आधी सांगायचं. चांदण्या मी देत नाही. पाचपैकी तीन म्हणजे सगळं मध्यम, की अर्धं उत्तम आणि अर्धं फसलेलं? वाचणाऱ्याला ते कळत नाही, आणि माझी जवळजवळ सगळी आवडती पुस्तकं दुसऱ्या प्रकारची आहेत.

उसनं देतानाही थोडं भान ठेवावं लागतं. दुकानात एक मुलगी येते, अकरावीतली, आजीच्या बीपीच्या गोळ्या न्यायला. काउंटरखालचं पुस्तक तिने पाहिलं आणि विचारलं, “ताई, हे कशाचं आहे?” मी एवढंच सांगितलं, की दोन बायका आहेत, एक देऊळ आहे आणि राज्य उलथवायचं आहे, आणि यात जाळण्याचे प्रसंग आहेत, ते वाचणं जड गेलं तर सोडून दे. मुखपृष्ठावर तिने बोट फिरवलं. घरी कोण काय म्हणेल, हे तिलाच माहीत. मी तपकिरी कागदाचं कव्हर घालून दिलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, आणि आत एक कोरा कागद ठेवला. म्हटलं, खरं काय वाटलं ते यावर लिही, माझ्यासाठी गोड लिहू नकोस.

तीन आठवड्यांनी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर ‘द जॅस्मिन थ्रोन’ परत आलं. कागदावर निळ्या पेनाने लिहिलं होतं: ‘मालिनीचा राग आला. भूमिका सगळ्यात भारी, तिच्यावर वेगळं पुस्तक पाहिजे. प्रेम कमी आहे, झाडं जास्त. दुसरा भाग आहे का?’ भूमिकेबद्दल माझ्या वहीत एक ओळसुद्धा नव्हती. मी तिचा कागद डिंकाने उजव्या पानावर चिकटवला, आणि दुसरा भाग काउंटरखाली काढून ठेवला.